शिक्षा कुठे झाली

दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सम्राटाने एका नामांकित कवीला काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केलं. एका काव्यावर ठपका होता. बाकीचं कारण कवीने कुठेच धड सांगितलेलं नाही. तिथून तो घरी पत्रं लिहीत राहिला, सगळी पद्यात आणि बहुतेक सगळी रडकी. थंडी, रानटी शेजारी, आणि वर हे दुःख की आपण लॅटिन विसरत चाललो. त्याने तिथल्या लोकांच्या बोलीतही एक काव्य केलं, मग त्याची लाज वाटते असं लॅटिनमध्ये कळवलं.

निवृत्तीनंतर मी या पत्रांचं मराठी भाषांतर केलं. इंग्रजीवरून, लॅटिन मला येत नाही. त्यांवर मी दिलेल्या व्याख्यानात हे सांगायचं राहून गेलं.

व्याख्यान हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाचं, इंदरगंजजवळच्या सभागृहात. पाहुणे म्हणून पुण्याचे एक संपादक आले होते. माझं हस्तलिखित त्यांच्याकडेच होतं. छापायचं की नाही ते कार्यक्रमानंतर सांगतो, असं त्यांनी कळवलं होतं. त्यामुळे दीपप्रज्वलन, शाल, नारळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, हे सगळं मी त्या उत्तराकडे डोळे लावून सोसत होतो.

मंडळाच्या सचिव, आमच्या ताई, 'शिंदे की छावनी' या वस्तीत राहतात. त्यांचे पूर्वज इकडे शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, माझे दफ्तराबरोबर. हॉलची किल्ली, सतरंज्या, कचोऱ्या, सगळं त्याच बघतात. प्रास्ताविकात त्या म्हणाल्या, "आपलं मंडळ इतकी वर्षं मराठी टिकवायची चेष्टा करत आलंय, आणि पुढेही करत राहील."

टाळ्या पडल्या. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि आमच्याकडे हिंदी मराठीत कधी शिरते ते कळत नाही. कुणाला काही खटकलं नाही. पहिल्या रांगेत संपादकांनी मात्र रुमाल तोंडाला लावला. मलाही खटकलं होतं, आणि खटकल्याचं त्यांना कळावं असंही वाटलं. उठून मी पहिलंच वाक्य बोललो, "ताईंनी अगदी खरं सांगितलं. मराठीची चेष्टा आपण इथे मन लावून करतो."

संपादक मोकळेपणी हसले. मग दुसऱ्या रांगेत कुणी शेजाऱ्याला अर्थ सांगितला आणि हसू हप्त्याहप्त्याने मागे सरकत गेलं. ताई सगळ्यात शेवटी हसल्या, कुणीतरी कानात सांगितल्यावर.

मी रंगात आलो. कवीचं गाव, सुखवस्तू घर, मुलाने वकील व्हावं म्हणून वडिलांचा हट्ट. "पण त्याची संपूर्ण शिक्षा रोममध्येच झाली," मी म्हणालो.

शेवटी संपादकांनी हात वर केला. "एक शंका आहे. संपूर्ण शिक्षा रोममध्येच झाली, तर मग बिचाऱ्याला समुद्राकाठी कशाला धाडलं?"

मी गंभीरपणे उत्तर द्यायला लागलो. सम्राटाचा राग, हद्दपारीचे प्रकार. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की ते हद्दपारीबद्दल विचारत नव्हते. मला म्हणायचं होतं शिक्षण. हिंदीत त्यालाच शिक्षा म्हणतात, आणि ती हिंदी माझ्या तोंडून न अडखळता बाहेर पडली होती. हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही. त्यांच्या दृष्टीने मी बरोबरच बोललो होतो. ते जास्त जड गेलं.

ताई आभार मानायला उठल्या. एरवी त्या कागदाशिवायही न अडखळता बोलतात. "सरांनी हे समजावून सांगायची इतकी..." त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "इतकी मेहनत केली," म्हणाल्या आणि लगेच बसल्या.

चहाच्या वेळी संपादकांनी उत्तर दिलं. "पुस्तक करू आपण. फक्त भाषा आमच्याकडे साफ करून घेऊ. पानोपानी हिंदी डोकावतेय."

"हो, हो, अवश्य," मी म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. तेवढ्यात ताई कचोऱ्यांची प्लेट घेऊन आल्या. "घ्या ना, सर. पुस्तक निघणार म्हणे? मग फंक्शन इथेच करू."

ऑटोत बायको शेजारी होती, सगळं व्याख्यान ऐकून आलेली. बाड्याच्या चौकापाशी वळल्यावर म्हणाली, "काय हो, तुमची शिक्षा कुठे झाली?"

"इथेच."

"पुरी झालेली दिसत नाही."

त्या कवीचं एक पत्र मी भाषांतरातून गाळलं होतं. आपल्याबद्दल हा काय काय लिहितो ते तिथल्या लोकांना कळलं आणि ते दुखावले. त्यावर तो सारवासारव करतो, की मी थंडीला नावं ठेवली, जागेला ठेवली, तुम्हाला नाही. तुम्ही तर मला मानाने वागवलंत. मला ते पत्र खोटं वाटलं होतं, म्हणून गाळलं. दुसऱ्या दिवशी ते बसून मराठीत केलं आणि पानं घेऊन ताईंच्या घरी गेलो.

कालचं ते पहिलं वाक्य चुकलं, असं काहीसं पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "अहो सर, बरोबरच तर बोललात. आमच्याच ध्यानात राहत नाही."

मी पानं पुढे केली. "हे पुण्याला पाठवायच्या आधी वाचून द्याल का? कुठे मराठीत अडलं तर खूण करा."

त्यांनी पानांना हात लावला नाही. पदर सावरला, दाराबाहेर पाहिलं.

"मी? चेष्टा नका करू, सर."

या वेळी शब्द मराठी अर्थाने आला होता.