हिराबायची डबल केबिन गाडी

करंज्याच्या बंदरावरचा सकाळचा लिलाव आटोपला की हिराबाय गाडी सरळ पनवेलच्या रस्त्याला लावत नसे. आधी ती गावात वळायची, हरी या आपल्या धाकट्या दिराच्या घरासमोर थांबायची आणि इंजिन चालू ठेवून थर्मासमधला चहा प्यायची. जुनं डिझेल इंजिन जागेवर उभं असलं की जास्तच खडखडतं. धूर हरीच्या ओटीवर जायचा. मागच्या आसनावरच्या कोळणी पदर तोंडाशी धरून हसायच्या. हिराबाय हसायची नाही. ती बशीत चहा ओतायची, फुंकायची आणि त्या दाराकडे बघत राहायची.

हिराबाय गेली, त्याला आता काही महिने झाले. तिच्याविषयी लिहावं असं रोज वाटतं आणि रोज एखादं वाक्य लिहून मी थांबतो. मी पनवेलच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. ती नवरा वारल्यावर करंजं सोडून आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायला आली, तेव्हा बरोबर दोन ट्रंका, मासळीच्या पाट्या आणि दोरखंडानं ओढून आणलेली एक पिकअप होती. जुनी, डबल केबिनची. पुढे आसनांच्या दोन रांगा आणि मागे उघडा हौदा. बोनेट उघडलं तर आत इंजिनच नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे भंगार इथे नको असं सांगितलं. ती म्हणाली, “भंगार नाय, दादा. हिचं काळीज काढलंय कोनीतरी. दुसरं बशिवते.”

काळीज कुणी काढलं ते मला हळूहळू समजलं. ती गाडी तिच्या नवऱ्याची, काशीनाथची. तेव्हा तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर हरीच्या होडीचं इंजिन बंद पडलं. काशीनाथ तापानं अंथरुणाला खिळला होता. हरी दोन माणसं घेऊन आला आणि भावाच्या गाडीतलं इंजिन काढून घेऊन गेला. हिराबाय बाजारात होती. संध्याकाळी परत आली तर गाडी विटांवर उभी. त्याच आठवड्यात पहाटे काशीनाथच्या छातीत दुखायला लागलं. दारात गाडी होती, चालवायला शेजारी धावून आला होता, आणि ती हलत नव्हती. रिक्षा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. द्रोणागिरीच्या गोदामांजवळ, कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या रिक्षात, हिराबायच्या मांडीवर तो गेला.

“बाराव्याला हरी काय बोल्ला, ठाव हाय मास्तर? बोल्ला, दादानंच सांगितलान, ने म्हून. मेलेल्याच्या तोंडात शब्द घातलान! इचारलान नाय त्यानी. कोनालाच इचारलान नाय.” गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी, घरातली गोष्ट घरात ठेवा, गेलेला माणूस परत येत नाही, असं सांगून तिला गप्प केलं. ते इंजिन होडीतही टिकलं नाही. घाईत हरीनं त्यातून सरळ समुद्राचं पाणी फिरवलं आणि मिठानं ते आतून खाऊन टाकलं. मग ते त्याच्या परसात पडून राहिलं. “ज्याच्यापायी मानूस गेला त्याच्यावर कोंबड्या बसतात रं,” हे सांगताना तिचा आवाज चढायचा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

तिला हरीकडून एकच वाक्य हवं होतं. ‘मी न विचारता नेलं.’ तेही चार लोकांसमोर. जमीन नको, पैसा नको. मी एकदा तिला म्हणालो, “हिराबाय, सोडून द्या. त्रास तुम्हालाच होतो.”

“तुज्या पुस्तकांत सूड घेनारा शेवटी सुखी व्हतो का रं?”

“बहुतेक नाही होत.”

“मग त्या लिवनाऱ्यांचं कोन मेलं नसंल.”

गाडी तिनं जुन्या हायवेवरच्या अन्वरभाईंच्या गॅरेजात नेली. अपघात झालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन तिथे मिळत होतं. अन्वरभाईंनी चेसीखाली डोकं घालून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसले. “मावशी, खुदा कसम, ही गाडी डिझेल पेलणार नाही. इंजिन वजनदार, बॉडी नाजूक.”

“माज्या लग्नात पन लोक हेच बोल्ले. पोरगी वजनदार, नवरा काडी. पेललान ना त्यानी?”

“पेट्रोलचंच शोधून देतो ना. सस्त्यात काम होईल.”

“पेट्रोल गुमान चालतं. मना भांडनारा पायजे.”

काम पावसाळाभर चाललं. इंजिन ज्यांवर बसतं ते जुने माउंटिंग कापून नवे वेल्ड करावे लागले. पुढच्या स्प्रिंगांना जादा पाती घातली. रेडिएटर मोठा बसवला, मागची चाकं फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला. इंजिन उंच निघालं, बोनेट बंद होईना, तेव्हा अन्वरभाईंनी पत्रा कापून वर फुगवटा जोडला. बाजार उरकला की हिराबाय तिथे जाऊन स्टुलावर बसायची. काम ढिलं पडलं की म्हणायची, “अन्वर, लिंबू सरबत सांगू, का शिवी देऊ?” अन्वरभाई म्हणायचे, “दोन्ही द्या मावशी, आदत झाली.” इंजिन बदलल्याची नोंद करायला आरटीओत गेली तेव्हा साहेबांनी बोनेटकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, “कुबड हाय. वय झालं तिचं.” साहेब हसले, पण गाडी मात्र कसून तपासली. मधल्या काळात ती ड्रायव्हिंग शिकली. पन्नाशी ओलांडलेली बाई नऊवारीत क्लच दाबताना बघायला मैदानावर माणसं जमायची.

करंज्याच्या कोळणी तोवर हरीच्या टेंपोतून पनवेलला यायच्या, मासळीच्या पाट्यांमध्ये उभ्यानं, दांड्याला धरून. हिराबायनं बंदरावर जाऊन एवढंच सांगितलं, “मावरा मागं, बायका आत. बसून चला.” हरीचा टेंपो महिन्याभरात रिकामा जायला लागला. त्यावर तिचं समाधान झालं नाही. म्हणून तो दारासमोरचा चहा.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो होतो. ती हरीच्या घरासमोर थांबली, तिनं थर्मास उघडला आणि बऱ्याच वेळानं घराचं दार उघडलं. हरी बाहेर आला. बारीक, वाकलेला माणूस. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

“वैनी, गाडी बंद कर. सून बालंतीन हाय. पोर झोपत नाय.”

“काय बोल्लास?”

“गाडी बंद कर, बोल्लो.”

“इचार.”

हरीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. शेजारणी दारात आल्या होत्या. तो म्हणाला, “बंद करशील का?”

हिराबायनं लगेच चावी फिरवली. एकदम शांत झालं, आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. “हां,” ती म्हणाली. “असं इचारायचं असतं. इचारलं की मानूस देतो.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली आणि त्याला पुन्हा विचारायला लावलं. मग रोजच. बाळ रांगायला लागलं तरी हरी रोज सकाळी ओटीवर येऊन विचारत होता. पण ते एक वाक्य त्यानं कधी उच्चारलं नाही.

यंदा थंडीत हिराबायला न्युमोनिया झाला. दवाखान्यात भरती होताना तिनं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. हरी भेटायला आला तेव्हा मी खाटेजवळ होतो. तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाली, “बोल.” हरी म्हणाला, “झाला तो झाला, वैनी. आता बरी हो.” तिनं मास्क परत लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी ती गेली.

तिला मूल नव्हतं. तिला करंज्याला न्यायचं होतं, तिच्याच गाडीतून. दवाखान्याच्या मागच्या दारात गाडी उभी होती. बरोबरच्या कोळणींनी तिला हौद्यात ठेवली, फुलं घातली. हरी माझ्यासमोर आला आणि हात पुढे केला. “किल्ली दे, मास्तर. दीर मी. मीच चालवनार.”

मी आयुष्यात कुणाशी भांडलो नाही. शाळेत पुस्तक फाडणाऱ्या पोरावरही मी ओरडलो नव्हतो. पण मी किल्ली मुठीत धरली आणि म्हणालो, “आधी सांगा. काशीनाथच्या गाडीतलं इंजिन तुम्ही कुणाला विचारून नेलंत?”

“आता? हितं?”

“इथेच.”

अन्वरभाई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बायकांपैकी कुणीही मध्ये पडलं नाही. हरीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि त्याचे खांदे उतरले. “नाय इचारलं,” तो मला म्हणाला. “दादा झोपला व्हता. मी कोनालाच न इचारता नेलं.”

बारकीबाय नावाची एक म्हातारी कोळीण हौद्याच्या फळीला टेकून उभी होती. ती कडाडली, “त्याला काय सांगतंस? मास्तराचा नवरा मेला व्हता काय? तिला सांग!”

हरी हौद्यात चढला. गुडघे टेकून वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं. नंतर तो रडायला लागला. मी किल्ली अन्वरभाईंना दिली.

ते चाकाशी बसले. मी पुढे त्यांच्या शेजारी चढत होतो, तेव्हा हौद्यातून हरीनं विचारलं, “मास्तर, तुमी शिकलेली मानसं. वैनीनं आता माफ केला असंल ना मना?”

हिराबाय काय म्हणाली असती हे मला ठाऊक होतं. मला काय वाटतं तेही ठाऊक होतं.

“नाही,” मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.