कर्फ्यू सिस्टरांचे रिकामे हात

सर्जिकल वॉर्डात सिस्टरांना सगळे 'कर्फ्यू' म्हणत. त्या आत आल्या की नातेवाईक स्टूल उचलून भिंतीला लागत आणि कण्हणारा पेशंटसुद्धा जरा बेताने कण्हे. हे नाव त्यांना स्वतःला कळलं ते निरोपाच्या दिवशी, केक कापताना. एका वॉर्डबॉयच्या तोंडून ते निसटलं आणि सगळे एकदम चिडीचूप झाले. म्हणजे नाव अगदीच खोटं नव्हतं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, मी खरंच तशी आहे का? त्याने पेपर खाली न घेता सांगितलं, की उत्तर द्यायची परवानगी आहे का, ते आधी कळू दे.

वॉर्ड सोडायचं कारण गुडघे आणि उजवा खांदा. त्या आता वर्षभराच्या कोर्सला निघाल्या होत्या: दवाखान्यातून सुटलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या. सिस्टरांचा समज असा, की घर म्हणजे वॉर्डच, फक्त खाट एक. अख्खा वॉर्ड हाकणाऱ्या बाईला एका खाटेचं काय? "हा समज घेऊनच मी वर्गात गेले," त्या आता सांगतात, "आणि बरेच दिवस तो सोडला नाही. हातातली वस्तू मी सहसा सोडत नाही."

वर्गात वयाने सर्वांत मोठ्या त्याच. शिकवायला उभी होती त्यांचीच एकेकाळची विद्यार्थिनी, जिला सिस्टरांनी चादरीचे कोपरे नीट बसेनात म्हणून ती रडेपर्यंत पुन्हा पुन्हा खाट लावायला लावली होती. आता तिला 'मॅडम' म्हणायचं होतं. मॅडमनी मागचा राग कुठेच काढला नाही. सिस्टरांना तेच जड गेलं.

परीक्षेसाठी प्रत्येकीला एकेक घर मिळालं. सिस्टरांना मिळालं दोन जिने वर राहणारं एक जोडपं. काका निवृत्त बस ड्रायव्हर. काकूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. बोलणं शाबूत होतं, पण शब्द उशिरा येत, एकेक करून. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना काका दोनदा त्यांच्यासकट खाली बसले होते. दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीने धसका घेऊन एका वृद्धाश्रमात आईसाठी जागा बघून ठेवली होती. महिन्याभरात काकांना हे एकट्याने जमलं तर आई घरी राहील, नाहीतर जाईल, असं ठरलं होतं. काकांना जमवून देणं हीच सिस्टरांची परीक्षा.

पहिल्या परीक्षेला मॅडम कोपऱ्यात बसल्या. सिस्टरांनी आल्या आल्या टीव्ही बंद केला, खिडकी उघडली, तिपाई बाहेर काढली, काकूंच्या कमरेला पट्टा बांधला आणि काका चष्मा शोधून परत येईपर्यंत काकू खुर्चीत बसलेल्या होत्या. काका म्हणाले, जादूच आहे बुवा. सिस्टरांनी मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत शाबासकी घ्यायची पूर्ण तयारी होती.

"छान," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी कोण करणार?"

सिस्टर नापास झाल्या. पुन्हा परीक्षा पंधरा दिवसांनी. घरी त्यांनी हा अन्याय नवऱ्यापुढे तावातावाने मांडला. तो शांतपणे म्हणाला, "मग संध्याकाळी कोण करणार होतं?" त्यांनी ताटं जरा जोरातच मांडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाला संसाराच्या इतक्या वर्षांत वॉशिंग मशीनसुद्धा लावता येत नाही. सराव म्हणून त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. तो बटणापाशी पोचायच्या आत सिस्टरांचं बोट बटणावर.

"मी शिकेन गं," तो म्हणाला, "पण मला तिथे जागा तर होऊ दे."

काकांच्या घरीही तेच चाललं होतं. काका काकूंना दंडाला धरून ओढायला गेले की सिस्टर मधे पडत आणि स्वतःच उठवून मोकळ्या होत. काकू काही सांगायला लागत, "आधी..." की सिस्टर म्हणत, "आधी पाणी हवंय? देते हं." काकू निमूट पाणी पीत. त्या आठवड्यात त्यांनी न मागितलेलं बरंच पाणी प्यायलं.

दुसऱ्या परीक्षेला सिस्टर हात ॲप्रनच्या खिशात घालून गेल्या. रीत त्यांनी काकांना एकदाच सांगितली: खुर्ची धडधाकट बाजूला, पाय जमिनीवर टेकलेले, दंडाला नाही तर पट्ट्याला धरायचं, लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याने आधार द्यायचा. मग पडत्याला धरता येईल इतक्या अंतरावर त्या उभ्या राहिल्या आणि तोंड मिटलं. काकांनी खुर्ची नेमकी लुळ्या बाजूला लावली. सिस्टरांच्या जिभेला दातांमागे कळ आली.

"आधी..." काकू म्हणाल्या.

या वेळी सिस्टरांनी पाणी विचारलं नाही. काकू शब्द शोधत होत्या आणि तेवढ्या वेळात एखादा वॉर्ड झाडून झाला असता, असं सिस्टरांना वाटलं.

"आधी... खुर्ची. इकडे." काकूंनी डाव्या हाताने पलंगाची डावी बाजू थोपटली.

"अगं, मग आधीच सांगायचं ना," काका म्हणाले.

"सांगू... देतंय... कोण?"

काका वरमले. सिस्टरही वरमल्या, जास्त वाटा आपला, हे त्यांना ठाऊक होतं. काकांनी खुर्ची फिरवली. पाय मागे घे, पट्टा वर धर, घाई करू नको, असं काकू एकेका शब्दाने सांगत गेल्या. पहिल्या खेपेला त्या अर्ध्यातून पलंगावर परत बसल्या. सिस्टरांचा उजवा हात खिशातून निघाला. डाव्याने त्याला धरून परत आत नेलं. दुसऱ्या खेपेला काकू पुढे वाकल्या, उठल्या, काकांच्या आधाराने वळल्या आणि खुर्चीत टेकल्या.

"सावकाश उतरा," काका धापा टाकत म्हणाले. "गाडी थांबलीये."

"पुन्हा," काकू म्हणाल्या.

जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, पास झालात. सिस्टरांनी सांगितलं, की काहीच न करता त्या इतक्या कधी दमल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी मुलगी आली. काका एकट्याने आईला खुर्चीत बसवताना तिने दोनदा पाहिलं, मग गॅलरीत जाऊन वृद्धाश्रमाला फोन लावला आणि जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. काकांनी ही बातमी द्यायला लगेच सिस्टरांना फोन केला. सिस्टरांना आनंद झाला. पण मग राहवेना. खुर्ची कुठल्या बाजूला लावली होती, पट्टा सैल तर नव्हता, पायात सपाता होत्या का, असं त्या विचारत सुटल्या.

"सिस्टर," शेवटी ते म्हणाले, "ही म्हणतेय, फोन ठेवा. तिला उठायचंय."

सिस्टरांनी फोन ठेवला.