प्रार्थनेचा शब्द न देणारी अक्का

आमच्या चर्चच्या मंडळीत निरोप घेताना सगळे एकमेकांना म्हणतात, "प्रार्थनेत आठवण ठेवा." समोरचाही "हो हो, नक्की" म्हणून मोकळा होतो. पिंप्राळ्याची अक्का मात्र कधी हो म्हणायची नाही. तोंडावर सांगायची, "तसा शब्द मी देत नही. मी इसरी जास. तो इसरत नही." नव्या माणसाला राग यायचा. बाई पहिल्या बाकावर बसते, उपवास करते, आणि एवढासा शब्द देत नाही?

अक्का माझी नात्याची कोणी नव्हती. मूळची धुळ्याकडच्या खेड्यातली, म्हणून बोलणं शेवटपर्यंत अहिराणी. जळगावात पिंप्राळ्याला राहून एका बाळंतपणाच्या दवाखान्यात तिने जन्मभर आयाचं काम केलं. लग्न केलं नाही. घरात ती आणि तिची भाची सुमनताई. माझी आई गेली तेव्हा मी आठवीत होते. धाकट्या भावंडांसाठी शाळा सोडली, ती सुटलीच. तेव्हा अक्काने मला पेशंटची कामं शिकवली. अंथरुणातल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, अंग पुसताना त्याची लाज कशी राखायची. आज बंगळुरात एका आजींकडे रात्रपाळी करते, भावंडांची शिक्षणं झाली, ते सगळं त्या शिकवणीवर.

ती डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. नवे पाळक आले, त्यांनी हळूच सुचवलं की डोळे मिटलेले बरे. अक्का म्हणाली, "साहेब, मी डोया मिटात का पेशंट खाले पडस." पाळकांनाच हसू आवरेना.

शेजारचे नाना तिला चिडवायचे. म्हणायचे, अक्का, तुमच्या येशूला माझ्या गुडघ्याचं सांगा, आमचा काही तिथे वशिला नाही. अक्का म्हणायची, "नाना, वशिला मना बी नही. पोरगा बापसंगे बोली राहिना. आपण उंबरठावर उभं राहवानं." पोरगा म्हणजे येशू, तो आपल्या बापाशी, देवाशी, बोलतोच आहे, असं तिचं म्हणणं. एवढं बोलून तेलाची वाटी कोमट करून त्यांच्याकडे पोचवायची.

शब्द का देत नाही, ते तिने मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. रावेरकडची, केळीच्या मळ्यात मजुरी करणारी एक बाई दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. तिने अक्काचा हात धरून विचारलं, तुमच्या देवाजवळ माझ्या बाळासाठी मागाल का? अक्का हो म्हणाली. घरी आली तर पाहुणे आलेले. स्वयंपाक, भांडी, गप्पा, आणि ती विसरली. साफ विसरली. सकाळी कामावर गेली तेव्हा पेटी रिकामी होती. ती बाई रडत रडत म्हणाली, अक्का, तुम्ही एवढी प्रार्थना केली, माझंच नशीब नव्हतं.

अक्काला ते आभार पचले नाहीत. ती तेव्हाच्या पाळकांकडे जाऊन रडली. त्यांनी तिला समजावलं, की आपला प्रभू बापाच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी विनवणी करत असतो. आपण मागितलं तरी, विसरलो तरी, त्याचं थांबत नाही. अक्काने ते घट्ट धरून ठेवलं.

"त्या पोरसाठे बी तो मांगी राहिंता," ती मला म्हणाली. "पोर गयं. पण बिनमांगनं नही गयं."

मी तेव्हा लहानच. विचारून गेले, पण अक्का, गेलंच ना ते? ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "हां. गयंच."

मागच्या उन्हाळ्यात अक्काच्या पोटात गाठ निघाली. मंगळवारी सकाळी अकराला ऑपरेशन ठरलं. मला सुट्टी मिळेना. फोनवर मी रडत सांगितलं, "अक्का, मी अकरा वाजता तुझ्यासाठी प्रार्थनेला बसेन. नक्की."

"शब्द देऊ नको माय," ती म्हणाली. मी म्हटलं, देणारच. ती हसली. "बरं. दे मंग."

नेमका सोमवारी आजींना ताप चढला. पहाटेपर्यंत कपाळावर पट्ट्या ठेवत होते. सकाळी दिवसपाळीची बाई आली, मी खोलीवर गेले, मोबाइलला साडेदहाचा गजर लावला आणि नुसती भिंतीला टेकून बसले. गजर वाजला असणार. मीच तो बंद केला असणार. जाग आली तेव्हा दोन वाजले होते आणि सुमनताईंचे सहा फोन येऊन गेले होते. अक्का ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती.

मातीला मी पोचू शकले नाही. दूरचा प्रवास, आणि आजींचा ताप उतरलेला नव्हता. कितीतरी दिवस सुमनताईंचा फोन आला की मी उचलायला उशीर करायचे. त्या विचारतील, तू बसली होतीस ना? त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटी मीच एकदा बोलून टाकलं. "ताई, मी झोपले होते."

त्या म्हणाल्या, "तिला ठाऊक होतं गं."

आत नेण्याच्या आधी त्या मला फोन लावत होत्या, अक्काशी दोन शब्द बोलणं व्हावं म्हणून. अक्काने त्यांच्या हातातला मोबाइल खाली केला. म्हणाली, "तिले उठाडू नको. रातभर जागेल शे पोर. तो जागा शे, तितलं बस."

"आणि मग," सुमनताई म्हणाल्या, "आत नेईपर्यंत ती स्वतःसाठी काहीच बोलली नाही. प्रभू, पोरले झोप लागू दे, एवढंच म्हणत होती."

मी फोन ठेवला. इकडे आल्यापासून मला धड झोप नाही. दिवसा डोळा लागतो, जराशा आवाजाने उघडतो. त्या मंगळवारी मात्र मला फार गाढ झोप लागली होती. हे मी सुमनताईंना अजून सांगितलेलं नाही.