बहाव्यातला काळपट घोस
तापलेल्या पानांवर पाणी पडलं की जो वास येतो, त्याने मला कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला माझा पहिला उन्हाळा आठवतो. लग्न नवं होतं आणि सासरे माझ्याशी कामापुरतंच बोलत. क्वार्टरपुढचा बहावा भरभरून फुलला होता, पण प्लँटची राख बसून त्याचा पिवळा रंग मळायचा, म्हणून ते रोज सकाळी पाइपने झाडाला आंघोळ घालत. एकदा मला वरचा एक घोस काळपट दिसला. मी धीर करून म्हटलं, "बाबा, तो राहिला." त्यांनी धार मारली आणि तो घोस चक्क उडाला! हळद्या पक्षी होता तो. समोरच्या तारेवर बसून त्याने अंग झटकलं, तर फुलांसारखाच पिवळाजर्द, फक्त पंख काळे. सासरे हसत हसत ओट्यावर बसले. "पोरी, फुलाचं काळं धुतलं तं जाते, याचं तं जन्माचं हाय वं!" त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. आता आम्ही नागपुरात राहतो, इथे राख नाही, तरी दारातल्या बहाव्यावर मी रोज पाणी मारते. सासरे खुर्ची टाकून बसलेले असतात, आणि मी नळ सोडण्याआधी न चुकता टाळी वाजवतात.