ड्रमवरचे दोन टॉवेल

माझा थोरला भाऊ ज्या माणसापायी वेडा झाला, तो आम्ही दोघं जन्मायच्या आधीच मेला होता. साता समुद्रापलीकडचा, लांब केसांचा, दाढीवाला ड्रमर. त्याचं नाव इथं लिहीत नाही. दादाने ते घरात इतक्यांदा घेतलंय की देवाचं तेवढ्यांदा घेतलं असतं तर एव्हाना दर्शन झालं असतं.

दादाचं बीडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि त्या साहेबाचे जुने व्हिडिओ जास्त. बघता बघता त्याने ठरवलं, साहेबाचा तो जुना ड्रमसेट आमच्या गावी, पालीत, जसाच्या तसा मांडायचा. नांदूरघाटच्या एका मोडलेल्या बँड पार्टीकडून मोठा ड्रम आणला, बाकीचे कुठून कुठून गोळा केले. माझ्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन झांजांचा उतार मोजायचा. शाळेत गणितात नापास झालेला माणूस! फोटोत खाली गालिचा होता, म्हणून मायची नवीकोरी वाकळ अंथरली. साहेब झांजेच्या दांडीला पेटती सिगारेट खोचायचा. दादाने वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, धाकाने तिथं उदबत्ती खोचली. एवढं सोडलं तर सगळं तंतोतंत.

आणि टॉवेल. साहेब म्हणे दोन ड्रमवर कापड टाकून वाजवायचा. त्याने आवाज घुमत नाही, दबका येतो. "आपल्याच छातीत वाजल्यागत," दादा म्हणायचा, आणि तेव्हा त्याचा चेहरा असा व्हायचा की चिडवायला आलेली मी तशीच माघारी फिरायचे. त्याने आठवडी बाजारातून चौकटीचे दोन नवे टॉवेल आणले आणि घडीसकट ड्रमवर चिकटपट्टीने चिकटवले.

हा सगळा संसार मांडला होता शेळ्यांच्या पत्र्याच्या शेडात. शेळ्या बाहेर, बाभळीखाली. अण्णांनी महिनाभर दात-ओठ खाल्ले आणि मग निकाल दिला. "पोरीच्या साखरपुड्यात वाजव. सोयऱ्यांनी चांगलं म्हटलं तर शेड तुझं. न्हाई तर त्याच सांजंला शेळ्या आत."

पोरगी म्हणजे मी. माझ्या साखरपुड्यात माझं काय होणार याची घरात कुणाला पर्वा नव्हती, शेळ्यांचं काय होणार याची होती.

मांडवात ड्रमसेट वाकळीसकट मांडला. मी पाटावर मान खाली घालून बसले होते. मान खाली असली तरी डोळे शाबूत होते. दादाने वाजवायला सुरुवात केली. खरं सांगते, मला ते आवडलं. पण सोयऱ्यांकडची मंडळी कानठळ्या बसवणाऱ्या डीजेवर वाढलेली. एक म्हातारबा मागून ओरडले, "पोतं बडवायलास का बे?" मांडव हसला. अण्णांनी शेडाकडे बघितलं. दादाच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण टॉवेल काढायचं त्याच्या मनातही आलं नाही.

गाणं संपलं आणि मानपान सुरू झाला. आमच्याकडे सोयऱ्यांच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी पडल्याशिवाय कार्य पार पडत नाही. नवा, घडीचा टॉवेल दिसला की तो आहेराचाच. त्याला दुसरा काही जन्म असतो हे आमच्या गावाला ठाऊक नाही. आहेराचं काम चुलत्यांकडे होतं. सासरची माणसं आली जास्त, टॉवेल पडले कमी. माझे होणारे सासरे आणि त्यांचे भाऊ मोकळ्या खांद्यांनी उभे. चुलत्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि देवाने समोरच ठेवल्यासारखे दोन नवे टॉवेल त्यांना दिसले. टर्रकन ओढले आणि घातले खांद्यावर. सासऱ्यांच्या खांद्यावर तर चिकटपट्टीही लोंबत होती.

दादा ताडकन उठला. काठ्या हातात तशाच. सोयऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल परत ओढला असता तर साखरपुडा तिथंच मोडला असता. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली. नवरीने करू नये ते केलं. तो तसाच खाली बसला.

मग त्याने उघड्या ड्रमवर राग काढला. खणखण, दणदण, पत्र्याच्या पेट्या गडगडल्यागत. आणि मांडव उठला की! तेच म्हातारबा टोपी उडवून नाचायला लागले. "आता कसं वाजायलंय!" सासरे टॉवेल फिरवून नाचले. अण्णांनी सगळ्यांदेखत दादाच्या पाठीवर थाप मारली. "शेड तुझं, जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शेळ्या शेडात. ड्रमसेट ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यांखाली.

"कावून दादा? तू तर जिंकलास."

"शेड त्या दबक्या आवाजासाठी मागितलं होतं," दादा म्हणाला. "ह्या दणदणाटासाठी न्हाई."

माझं लग्न झालं. फोनवर अण्णा दर वेळी कुरकुरायचे, पोरगं वाजवत न्हाई, घर कसं गपगार पडलंय. ज्या माणसाने महिनाभर कानात बोटं घातली, त्यालाच आता शांतता सोसत नव्हती.

दिवाळीला माहेरी आले. दिलेला आहेर परत न्यायचा नसतो, म्हणून मी सासूबाईंना न विचारताच तो पिशवीत टाकला. सासऱ्यांचा तो टॉवेल धुऊन धुऊन मऊ झाला होता, खळ पार गेली होती. भाऊबीजेला दादाला ओवाळलं आणि तो खिशात हात घालायच्या आत ताटाखालून टॉवेल काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

तो बराच वेळ कापड चाचपत राहिला. "एकच?"

"दुसऱ्याने चुलत सासरे म्हैस पुसतात."

दादा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मलाही तोंड फिरवावं लागलं. अण्णा दारात उभे राहून हे सगळं बघत होते.

"बडव बाबा, तुझं पोतं," ते म्हणाले आणि शेळ्या पुन्हा बाभळीखाली बांधायला शेडाकडे गेले.