खापरपणजीचं नाव

शाळेच्या फॅमिली ट्रीसाठी काल लेकीने माझ्या खापरपणजीवरची शंभर वर्षांपूर्वीची छापील पुस्तिका उघडली. अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटभर डांबरगोळ्यांचा वास पसरला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

मी नऊ वर्षांची होते. गावाकडे आमच्या बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळीत दरवर्षी तिच्या मृत्यूच्या दिवशी पाळकसाहेब हीच पुस्तिका वाचायचे. ऐन थंडीत नदीत उतरून तिने बाप्तिस्मा घेतला, माहेर तुटलं, वस्तीतल्या बायकांना तिने वाचायला शिकवलं, बाळंतपणात स्तोत्र गात गेली. आणि पानोपानी तिचा उल्लेख काय, तर 'उपदेशकाची भार्या'!

त्या वर्षी माझी आत्या भर उपासनेत उठली. “अहो, पण बाईचं नाव काय?”

“प्रभूला ठाऊक आहे,” पाळकसाहेब हसून म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा.

घरी येताना संतापलेल्या आत्याने, तिला तिच्या आजीने सांगितलेलं ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. “तू तरी विसरू नकोस.”

“मम्मा, व्हॉट वॉज हर नेम?” काल लेकीने पुस्तिका चाळत विचारलं.

आत्या आता नाही. इतकी वर्षं मी त्या पाळकांवर दात खात राहिले आणि नाव विसरले मीच.

लेकीने पेन उचललं. मग फॅमिली ट्रीतल्या तिच्या चौकटीत लिहिलं, ‘वाइफ’.