पापलेट आणि पाच मिनिटांचं भाषण

वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मी मुकी आहे, याबद्दल आमच्या कोळीवाड्यात दुमत नव्हतं.

आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची आणि मी पाटीमागे दडायचे. एकदा ती मला बसवून चहाला गेली. तेवढ्यात एका बाईने आमचं पापलेट दाबून पाहिलं. "शिळं आहे गं!"

शिळं? पहाटे उरणहून आणलेलं? नऊ वर्षं साठवलेलं सगळं त्या बाईवर रिकामं झालं. तिने घाबरून दोन पापलेटं घेतली! त्यानंतर मी गप्प बसलेच नाही. आज बाजारात माझे स्वतःचे तीन ओटे आहेत. (आई सगळ्यांना सांगते, "मीच तिला बोलती केली." चहा पीत होती!)

माझी मुलगी जुई मात्र माझ्यावर गेली, म्हणजे नऊ वर्षांच्या माझ्यावर. आठवीत आली तरी वर्गात तोंड उघडेना. तिच्या वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "शाळेच्या कार्यक्रमात तुम्ही आत्मविश्वासावर पाच मिनिटं बोला. तिला धीर येईल."

"आई, नको ना," जुई कुजबुजली.

मी गेले, सोबत माझी आई. नवी साडी, हातात माईक, समोर पाचशे पोरं. आणि माझा आवाज गेला! बाजारात दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाणारा आवाज! एक मिनिट झालं, दोन झाली. जुईने मान इतकी खाली घातली की नुसती वेणी दिसत होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून माझी आई ओरडली, "काय गो बाय, तुजी पापलेटं शिली हायेत!"

"कोन बोल्ला शिली?" माझा माईक गरजला. "कल्ला उघडून बघ, लालभडक हाय! डोले घरी ठेवून बाजारात येता काय?" पहिल्या रांगेत शाळेचे अध्यक्ष नाकाला रुमाल लावून बसले होते. (त्यांना सर्दी होती. हे नंतर कळलं.) "आणि तुमी हो! रुमाल कसला लावता? घ्यायचं काय नाय, नुसतं नाक मुरडायचं! उठा, गिऱ्हाइकाला जागा द्या!"

अध्यक्ष खरोखर उठले.

"आई! बस कर! माईक चालू आहे!"

जुई! उभी राहून, माईकशिवाय, शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशी! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी. "पाहिलंत? बोलली!"

आईने शेजारणीला सांगितलं, "दोघींना मीच बोलत्या केल्या."

मी भांडणारच होते, पण दमले होते. आणि त्या दिवसापासून जुईपुढे माझा नंबरच लागत नाही. शिक्षकांना प्रश्न, रिक्षावाल्याशी वाद, मला तर उठता-बसता सूचना.

गेल्या रविवारी ती माझ्यासोबत ओट्यावर बसली होती. एका गिऱ्हाइकाने पापलेट दाबून पाहिलं. "ताई, शिळं वाटतंय."

मी पदर खोचला, श्वास घेतला.

"हो काका," मागून जुईचा खणखणीत आवाज आला, "कालचंच आहे ते."

इतक्या वर्षांनी मी पुन्हा पाटीमागे दडले.